दोन तांबडे गोळे

कॉलेजात त्यांचं खरं नाव एका हेडक्लार्कला तेवढं ठाऊक होतं. बाकी सगळ्यांना ते तक्तेकाका. एकतीस वर्षं त्यांनी विज्ञान शाखेसाठी तक्ते रंगवले. बेडकाचं हृदय, पानाचा आडवा छेद, कानाच्या आतली ती गोगलगाय, आणि चयापचयाचे भले थोरले तक्ते, जे भिंतीवर लागले की पदवीच्या दुसऱ्या वर्षाची मुलं घड्याळाकडे बघायला लागत. मेणकापडावर तैलरंग, वरखाली लाकडी पट्टी, मागे सुतळी. तक्ता गुंडाळायचा कसा हे प्रत्येक नव्या शिपायाला ते स्वतः शिकवत. रंगाची बाजू आत गेली की भेगा पडतात. "म्हणजे बेडकाला हार्ट अटॅक," असं ते वर म्हणत. दरवर्षी हाच विनोद, आणि दरवर्षी तो नवा शिपाई इमानाने हसायचा.

विज्ञानाशी त्यांचं नातं टर्पेंटाइनपुरतं. पुस्तकातली आकृती मोठी करायची, खालची नावं अक्षर न चुकता उतरवायची, की काम झालं. तक्त्यावर चित्रकाराचं नाव घालायची पद्धत नव्हती आणि त्यांनीही कधी घातलं नाही.

घरी दोन खोल्या आणि अक्का. अक्का म्हणजे थोरली बहीण. नवरा गेल्यावर दोन ट्रंका घेऊन भावाकडे आली ती कायमची. काकांनी लग्न केलं नाही. अक्का म्हणायची, "याला मुलगी बघायला नेलं तर हा तिच्या नाकाचं माप घेईल." तर या अक्काशी काकांचा एक रिवाज होता. तक्ता वाळला की कॉलेजात नेण्याआधी तो स्वयंपाकघराच्या दाराला टांगायचा आणि अक्काला दाखवायचा. अक्का चौथी शिकलेली. "हे काय, आतडं की दोरखंड?" असं तिने विचारलं की काका मुकाट्याने आतड्याचा रंग बदलत. अक्काला कळलं ते जगाला कळलं, हे त्यांचं शास्त्र. एकतीस वर्षं या शास्त्राने त्यांना कधी दगा दिला नाही, म्हणून ते त्याच्यावर गाफील विसंबून राहिले.

जीवरसायन शिकवणाऱ्या बाई एका दुपारी त्यांच्या कामाच्या खोलीत आल्या त्या तक्ता काखोटीला मारूनच. बाई विभागप्रमुख. एकट्या राहणाऱ्या, भरभर चालणाऱ्या, केस बारीक कापलेले. जिन्यावर चपला वाजल्या की वर्ग आपोआप गप्प व्हायचा.

"तक्तेकाका, हा तक्ता हलत नाही."

"हलेल कसा, मॅडम? खिळा मीच ठोकलाय."

"तेच तर दुखणं आहे!" बाईंनी तक्ता टेबलावर उलगडला. "आज मी वर्गाला विचारलं, काल तुम्ही साखर खाल्लीत, ती आज कुठे आहे? एक म्हणतो घामात, एक म्हणतो लघवीत. आणि पहिल्या नंबराची मुलगी, जिला सगळी नावं पाठ, ती काय म्हणाली असेल? म्हणे, या बाणांतून वाहत गेली. तिला वाटतं बाण म्हणजे नळी! तीन वर्षं नळ्यांचं पाठांतर करतेय पोरगी."

काकांनी तक्त्यातल्या आपल्या बाणांकडे पाहिलं. "बाण जरा जाड झालेत खरे."

"बाण सुबक आहेत, काका. फार सुबक आहेत. मला हलणारं चित्र हवंय. ॲनिमेशन. कराल?"

काका तेव्हा एकोणपन्नास वर्षांचे. संगणकाला त्यांनी तोवर धूळ पुसण्यापलीकडे हात लावला नव्हता. पण ते 'हो' म्हणाले, कारण बाईंना 'नाही' म्हणायची कॉलेजात कुणाची प्राज्ञा नव्हती, आणि कारण त्यांना मनातून ते फार हवं होतं. लहानपणी वहीच्या कोपऱ्यात पळणारा माणूस काढून पानं फर्रकन सोडायची, याच्यासाठी त्यांनी किती छड्या खाल्ल्या होत्या.

सात मिनिटांच्या त्या फिल्मला तीन वर्षं लागली. एका सेकंदाला बारा चित्रं. कॉलेज सुटल्यावर रोज दोन तास काका आणि बाई त्या खोलीत बसत. बाई सांगायच्या, काका वहीत टिपायचे आणि शेजारी चित्र काढायचे. पेशीतलं काम विकरं, म्हणजे एन्झाइम, करतात हे कळल्यावर काकांनी प्रत्येक विकराला दोन हात आणि दोन डोळे दिले.

"विकराला डोळे नसतात."

"डोळे काढले तर तो चोर वाटतो, मॅडम."

"वाटू दे. पण डोळे नकोत."

शेवटी हात राहिले, डोळे गेले. अशा वाटाघाटींत बाई कधी कधी स्वतःबद्दलही बोलत. त्यांच्या आईला शेवटची नऊ वर्षं काही आठवत नव्हतं. ती लेकीला शेजारीण समजायची आणि "माझी मुलगी कॉलेजात शिकवते, फार हुशार आहे," असं लेकीलाच सांगायची. "आईच्या आईचंही असंच झालं," बाई म्हणाल्या. "मला मरायची भीती नाही, काका. मला याची आहे." एवढं बोलून त्यांनी लगेच विकरांकडे मोर्चा वळवला.

फिल्मचा गाभा म्हणजे पेशीतलं साखर जाळणारं ते प्रसिद्ध चक्र. बाईंनी ते काकांना असं सांगितलं : चार कार्बनांचा एक जुना रेणू आधीच बसलेला असतो. साखर तुटून तुटून दोन कार्बनांचा तुकडा होतो, तो येऊन याला चिकटतो. झाले सहा. मग टप्प्याटप्प्याने फिरताना दोन कार्बन सुटतात आणि वायू होऊन आपल्या श्वासातून बाहेर जातात. उरले चार. पुन्हा दोन नवे येतात.

"आणि आता नीट ऐका," बाईंनी टेबलावर बोट आपटलं. "इथेच सगळे फसतात. जे दोघे नवे आले, ते त्या फेरीत बाहेर जात नाहीत. जुन्या चारांतले दोन जातात. नवे थांबतात. त्यांची पाळी पुढच्या फेऱ्यांत."

काकांनी वहीत लिहिलं : 'नवे दोघे तांबडे. जुने चार करडे. करड्यांतले दोन जाणार. तांबडे थांबणार. इति मॅडम.' खाली चक्राचे आठ टप्पे, आठ रंगांत, आठ नावांनिशी.

त्याप्रमाणे त्यांनी चित्रं केली. बाईंनी ती चित्रं चार-चारदा पाहिली, मंजुरीच्या कागदावर सही केली आणि चर्चासत्रासाठी आठवडाभर परगावी गेल्या. फिल्म तेवढ्यात पुरी करून कॉलेजच्या संगणकावर चढवायची होती. काकांनी रिवाजाप्रमाणे ती आधी अक्काला दाखवली.

अक्का पाय पसरून बसली. साखर तुटताना तिने "अगं बाई!" म्हटलं, विकरांचे हात पाहून हसली. चक्र आलं तशी ती पुढे सरकली.

"थांब, थांब. ते दोघे तांबडे कुठे गेले?"

"आतच आहेत."

"मग बाहेर कोण पडलं?"

"ते करडे."

"अरे, मग तांबड्यांना आणलंस कशाला वाजतगाजत? मी आपली त्यांच्यावर डोळा ठेवून बसलेय, आणि जातोय भलताच! जो आत आला तो बाहेर पडलेला दिसायला नको? नाटकात असं केलं तर लोक खुर्च्या फेकतील."

काका हिरमुसले. त्यांना ते एकदम पटलं. चित्र हलवणाऱ्या माणसाला एक गोष्ट लवकर कळते : बघणाऱ्याची नजर रंगामागे जाते. आणलेल्या पात्राचा निकाल लावावाच लागतो. आणि कार्बन काय, कार्बनच. सगळे सख्खे भाऊ, हा गेला काय नि तो गेला काय! दोन दिवस बसून त्यांनी चाळीस सेकंदांतले रंग फिरवले. तांबडे आत आले, तांबडेच बाहेर पडले. अक्का म्हणाली, "आता कसं!" बाई परतल्या तेव्हा फिल्म संगणकावर चढली होती. काका या बदलाबद्दल बोलले नाहीत. लपवायचं म्हणून नव्हे. आतड्याचा रंग बदलल्याचं तरी ते कुठे कुणाला सांगायचे?

बाईंच्या ते ध्यानात कसं आलं नाही? साधं आहे. वर्गात फिल्म लागली की बाई पडद्याकडे बघतच नसत. त्या मुलांच्या तोंडांकडे बघत. कुठल्या क्षणाला कुणाचे डोळे मोठे होतात, कोण मान हलवतो, कुठे पेन थांबतं. आवाज बाईंचाच होता, आणि त्यात रंगाचं नाव नव्हतं. "दोन कार्बन बाहेर पडतात," एवढंच वाक्य. पाच वर्षं त्यांनी ती फिल्म दाखवली, आणि पाच वर्षं पडद्याला पाठ करून उभ्या राहिल्या.

फिल्म गाजली म्हणायला हवी. आणखी चार कॉलेजांनी मागून नेली. आता बाईंनी "कालची साखर कुठे आहे?" विचारलं की मागच्या बाकावरचं पोरगंसुद्धा फुंकर मारून दाखवायचं. आणि शेवटी, काळ्या पडद्यावर, पांढऱ्या अक्षरांत : 'चित्रं', आणि पुढे काकांचं नाव. एकतीस वर्षांत पहिल्यांदा. अक्का नवं पातळ नेसून वर्गात येऊन बसली होती. नाव आल्यावर एकटीनेच टाळ्या वाजवल्या.

मग विद्यापीठाच्या परीक्षेत तो प्रश्न आला. आत शिरलेल्या दोन कार्बनांवर खूण केली, तर एका फेरीनंतर ते कुठे सापडतील? कॉलेजच्या चौसष्ट मुलांपैकी एकसष्टांनी लिहिलं : श्वासातून बाहेर गेले. बाकीच्या चार कॉलेजांतही तेच. परीक्षकांचं पत्र आलं, त्यात एक खवचट वाक्य होतं : इतकी एकमुखी चूक शिकवल्याशिवाय होत नाही.

विभागात नुकतेच रुजू झालेले नवे सर होते. हुशार, मृदू बोलणारे, आणि मृदू बोलणारी माणसं पुष्कळदा करतात तसं सगळ्यांसमोर बोलणारे. प्राचार्यांच्या खोलीत बैठक झाली. प्रोजेक्टर चालवायला काकांनाच बोलावलं होतं.

"मॅडम, रागावू नका," नवे सर म्हणाले. "काका, जरा इथे थांबवा बरं."

काकांनी चित्र थांबवलं. पडद्यावर दोन तांबडे गोळे चक्रातून बाहेर पडत होते. बाईंनी या वेळी पडद्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"हे असं नसतं," त्या म्हणाल्या.

"तेच म्हणतोय, मॅडम."

"नाही, म्हणजे... मी असं सांगितलं नव्हतं. मला वाटतं, मी..."

नव्या सरांनी अदबीने फाईल पुढे केली. "मंजुरीवर सही आपली आहे. 'सर्व चित्रे तपासली.'"

काकांचा हात माउसवर होता. तोंड उघडायला दोन सेकंद पुरले असते. दोन सेकंद म्हणजे चोवीस चित्रं. हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक? पण बाई कधी कुणाला सवड देत नसत, तशी त्यांनी इथेही दिली नाही.

"सही माझी, म्हणजे चूक माझी," त्या म्हणाल्या. "विषय संपला. फिल्म उद्यापासून बंद."

विषय कसला संपतोय! तीन दिवसांनी बाई काकांच्या खोलीत आल्या. चपलांचा आवाज झाला नाही, म्हणून काका दचकले.

"काका, मला खरं सांगा. ते चक्र मी तुम्हाला कसं सांगितलं होतं? मला आठवतंय की मी नीट सांगितलं. इथे, या टेबलावर बोट आपटून. पण कागद म्हणतो मी तांबडे जाताना पाहिले आणि सही केली. दोन्ही खरं कसं असेल?"

काकांनी ब्रश पुसायला घेतला. कोरडाच होता तो.

"मला आता नक्की आठवत नाही, मॅडम."

"आणि ती वही? तुम्ही सगळं लिहायचात."

"मागे गोदामात पाणी शिरलं होतं ना, त्यात गेली."

वही घरी अक्काच्या ट्रंकेत होती.

बाई दाराकडे वळल्या. "तुम्ही वाईट वाटून घेऊ नका," त्या म्हणाल्या. "तुम्ही काय, सांगितलं तसं काढलंत." काका कोरडा ब्रश पुसतच राहिले. आधी नुसती चूक होती. आता खोटं झालं. चूक जुनी झाली की तिची लाज कमी होते. खोटं मात्र जसजसं जुनं होईल तसतसं चढत जातं.

भीतीने माणूस विसरतो, आणि विसरला की आणखी भितो. बाईंचं तेच सुरू झालं. कपाटाला कुलूप लावलं का हे बघायला त्या तीनदा जिना चढायला लागल्या. तळहातावर शाईने तासाची वेळ लिहायला लागल्या. रोज सकाळी कॉलेजच्या फाटकातून आत येताना चक्रातली आठ नावं पुटपुटायच्या. आठही आली की चेहरा सैल पडायचा. ज्या बाईंनी तीस वर्षं मुलांची परीक्षा घेतली, त्या रोज स्वतःची घ्यायला लागल्या, आणि असल्या परीक्षेत कुणी पास होत नाही. एकदा वर्गात वाक्याच्या मध्येच थांबल्या, फळ्यावर आपणच काढलेल्या आकृतीकडे बघत राहिल्या, मग खडू ठेवून म्हणाल्या, "आज एवढंच." मुलं लवकर सुटल्याच्या आनंदात बाहेर पडली. काका व्हरांड्यात तक्ता गुंडाळत होते. त्यांनी तो रंगाची बाजू आत करून गुंडाळला.

ते रोज ठरवत, आज सांगायचं. मग वाटायचं, परीक्षा होऊन जाऊ दे. परीक्षा झाली, मग सुट्टी. दोनदा ते बाईंच्या खोलीपर्यंत गेले. एकदा आत नवे सर होते. एकदा बाई एकट्याच होत्या, पण खिडकीशी बसून कसलं तरी औषधाचं पाकीट वाचत होत्या, आणि काका "झाडू हवा होता का विचारायला आलो" असं काहीतरी बरळून परत फिरले. झाडूशी त्यांचा काय संबंध, हे बाईंनी विचारलं नाही. पूर्वी विचारलं असतं.

बाईंनी मुदतीआधीच निवृत्ती मागितली. नव्या सरांनी बाहेरून तयार फिल्म आणली. चकचकीत, गरगर फिरणारे रेणू, एकही चूक नाही. निरोपसमारंभ ठरला. त्या दिवशी काका घरी पांघरूण घेऊन पडून राहिले. अक्काने पांघरूण ओढलं.

"ताप नाही, खोकला नाही. जात का नाहीस? ती बाई तुझ्याशी इतकी चांगली वागली."

"डोकं दुखतंय."

"डोकं नाही, तुझं दुसरंच काहीतरी दुखतंय. वर्षभर बघतेय. काय करून बसलायस?"

काकांनी सगळं सांगितलं. सांगता सांगता शेवटी म्हणाले, "तूच विचारलंस ना, तांबडे कुठे गेले म्हणून."

अक्का आधी खाली टेकली. मग तिचा पट्टा सुटला. "हो, विचारलं! दूध का नासतं हे मला माहीत नाही, आणि माझ्या एका प्रश्नावर तू शास्त्र बदललंस? मी विचारलं म्हणजे बदल म्हटलं का? मॅडम, हे असं का, एवढं विचारलं असतंस तर जीभ झडली असती तुझी?"

"त्या परगावी होत्या."

"मग परत आल्याच नाहीत का? माझ्या माथी मारू नकोस हे. आणि मी काय विचारलं ते सोड. त्या बाईने येऊन तुला विचारलं, तेव्हा काय सांगितलंस?"

काकांनी पांघरूण पुन्हा वर ओढलं.

"ऊठ," अक्का म्हणाली. "माझ्या ट्रंकेतून ती वही काढ. माझ्या साड्यांना तिचा वास लागलाय."

तरी उठायला आणखी नऊ दिवस लागले. एका रविवारी सकाळी काका बाईंच्या दारात उभे राहिले. दार सताड उघडं होतं. आत खोकीच खोकी; पुस्तकं, भांडी, काचसामान. बाईंचा भाचा, भावाचा मुलगा, खोक्यांवर जाड पेनाने लिहीत होता. बाईंना तो आपल्या शहरात घेऊन चालला होता. घर विकायच्या कागदांवर सह्या झाल्या होत्या. बँकेचं, औषधांचं, सगळं आता तोच बघत होता.

"आत्या, तुझ्या कॉलेजातले काका आलेत."

बाई खिडकीपाशी एकुलत्या उरलेल्या खुर्चीवर बसल्या होत्या. केस वाढले होते. काकांना बसायला काही नव्हतं, तेही बरंच झालं. त्यांनी उभ्यानेच सांगितलं. अक्काचा प्रश्न, दोन दिवसांत बदललेली चाळीस सेकंदं, बैठक, ते खोटं. मग वही पुढे केली.

बाईंनी ते पान वाचलं. ओळीखालून बोट फिरवत वाचलं.

"पाण्यात गेली म्हणाला होतात."

"खोटं सांगितलं, मॅडम."

"किती दिवस झाले?"

"अकरा महिने."

भाच्याने पेनाला टोपण लावलं. तो वाईट नव्हता, थकलेला होता. "काका, तुमचा हेतू चांगला आहे," तो हळू म्हणाला. "पण असं करू नका. सगळेच करतात. परवा खालचा रखवालदार तिला म्हणाला, तुमची किल्ली मीच उचलली होती, तुम्ही हरवली नव्हती. तिला बरं वाटावं म्हणून. डॉक्टर म्हणतात, त्याने उलट गोंधळ वाढतो."

"अहो, पण हे खरं आहे! वहीत लिहिलंय!"

"वही काय, कालही लिहिता येते."

काकांनी बाईंकडे पाहिलं. आता त्या भाच्याला एक फटकारा देतील, असं त्यांना वाटलं. पूर्वीच्या बाई असत्या तर दिला असता.

"तो चुकीचं बोलत नाही," बाई म्हणाल्या. "मी तरी कसं ठरवू, काका? तेव्हा आठवत नाही म्हणालात, तेही याच चेहऱ्याने. आज आठवतं म्हणता. यातलं कुठलं धरू?" मग वही मिटून म्हणाल्या, "डॉक्टरांनी कागदावर घड्याळ काढायला सांगितलं होतं. मी सगळे आकडे काढले आणि काटे विसरले. मी! आयुष्यभर स्टॉपवॉच हातात धरून उभी राहिलेली बाई."

"तुम्ही घाबरला असाल, मॅडम."

"असेन. किंवा नसेन. तुम्ही वेळेवर सांगितलं असतंत तर निदान हे कळलं असतं, की भीती आधी आली की विसरणं." त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर काकांना तो अंगावर घेता आला असता.

खाली टेम्पोचं दार आपटलं. मग बाईंनी एकदम वही काकांच्या हातात दिली.

"आठ चित्रं आहेत ना यात? उघडा. मी म्हणते, तुम्ही बघा."

त्यांनी डोळे मिटले. हात मांडीवर, शाळेतल्या मुलीसारखे. "सिट्रेट. आयसोसिट्रेट. कीटोग्लुटारेट. सक्सिनिल-कोए." काकांचं बोट एकेका चित्रावर सरकत होतं. "सक्सिनेट." थोडा श्वास. "मॅलेट. ऑक्झॅलोअॅसिटेट. बरोबर?"

दारातून भाचा मानेने खुणावत होता : हो म्हणा, हो म्हणून टाका.

रसायनशास्त्र काकांना आजही येत नव्हतं. पण सक्सिनेट पिवळं आणि मॅलेट हिरवं, आणि मधे एक जांभळं होतं, हे त्यांना झोपेतही सांगता आलं असतं. एकशे चौदा वेळा रंगवलं होतं त्यांनी ते. 'बरोबर' म्हणणं फार सोपं होतं. आणि ते म्हटलं असतं तर सगळ्यांना बरंच वाटलं असतं.

"एक राहिलं, मॅडम," काका म्हणाले. "सक्सिनेट आणि मॅलेटच्या मधलं. जांभळं."

बाईंनी डोळे उघडले. भाच्याने कपाळावर हात मारला आणि तो आतल्या खोलीत निघून गेला.

"नाव सांगू नका," बाई म्हणाल्या.

काकांनी सांगितलं नाही. बाई खिडकीबाहेर बघत राहिल्या. ओठ एकदोनदा हलले. आतून चिकटपट्टी ओढल्याचा आवाज आला, थांबला, पुन्हा आला. किती वेळ गेला ते काकांनी मोजलं नाही.

"सांगा," अखेर बाई म्हणाल्या.

"फ्युमरेट." त्यांनी स्वतःच्या हस्ताक्षरातलं नाव एकेक अक्षर वाचलं.

"फ्युमरेट," बाई म्हणाल्या. "हो. फ्युमरेट. वही ठेवून जा. आणि आता या तुम्ही."

काकांनी वही खोक्यावर ठेवली, चपला घातल्या. काहीतरी बोलावं म्हणून वळले, तर बाईंनी पुन्हा डोळे मिटले होते. ते बाहेर पडून जिन्याच्या पहिल्या पायरीवर उभे राहिले. मागून आवाज सुरू झाला, पहिल्यापासून, सावकाश. सिट्रेट. आयसोसिट्रेट. कीटोग्लुटारेट. कठड्याला धरून ते सक्सिनेटपर्यंत ऐकत राहिले, आणि पुढचं नाव यायच्या आत घाईघाईने जिना उतरून गेले. एका दिवसात माणूस किती धीट होणार?